हसू की हसे?

मेडशीत घरभेटीला गेलो असता पाहिलेला हा प्रसंग. किराण्याच्या उधारीच्या वहीत एक रक्कम दोनदा मांडली गेल्याचे आईच्या ध्यानात आले. तिने ते बोलून दाखवताच नऊ वर्षांचा मुलगा मान वेळावून म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?" शब्द त्याचे नव्हते, सूर तर नव्हताच, तो रात्रीच्या मालिकेतला होता. सारे हसले. आईही हसली आणि वही मिटून आत गेली. चूक तशीच राहिली.

विनोदी मालिका म्हणजे घटकाभर करमणूक, असे सुजाण पालकही म्हणतात. मला ते मान्य नाही. पडद्याचा परिणाम होत नसता, तर साबणवाल्यांनी दहा सेकंदांच्या जाहिरातीसाठी पैसे मोजले असते काय? आपल्या विदर्भातील वसंत साठे यांनी मेक्सिकोतील लोकशिक्षणपर मालिका पाहून तसा प्रयोग इथे व्हावा असा आग्रह धरला. १९८४ साली 'हम लोग' आली, ती कुटुंबनियोजन व स्त्रियांचा दर्जा यांविषयीचा विचार घरोघरी पोचावा म्हणूनच. कथा माणसाला वळण लावते, हे सरकारने ओळखले, व्यापाऱ्यांनी ओळखले. गाफील राहिलो ते आपण.

मग हे वळण कोणते? 'तू तू मैं मैं' सासू-सुनेच्या भांडणावर वर्षानुवर्षे चालली. २०१५ साली सुरू झालेल्या 'भाभीजी घर पर हैं'मध्ये दोन शेजारी एकमेकांच्या पत्नीवर लुब्ध; त्यांचा लंपटपणा हाच विनोद. बाईने भांडावे, नटावे वा बावळट ठरावे, एवढेच तिच्या वाट्याला. उपदेशाला उलट प्रश्न विचारता येतो. हशाला कोण विचारणार? जी हरकत घेईल तिला विनोदबुद्धी नाही, असे ठरते. म्हणून त्या माऊलीलाही हसावे लागले.

याहून वेगळे लोकांना रुचत नाही, ही सबब खोटी आहे. १९८५ साली प्रिया तेंडुलकर यांची 'रजनी' आली. साधी गृहिणी, पण अन्यायाचा जाब विचारणारी. तिला लोकांनी डोक्यावर घेतले होते.

संच बंद करा, असे मी म्हणत नाही. मुलांसोबत बसा. हशा पिकला की विचारा, यात हसे कोणाचे झाले? हा प्रश्न बापाने विचारावा, हे अधिक बरे. आणि ती वही आईच्या हाती परत द्यावी.