शस्त्रक्रियेनंतर अस्थींची काळजी

अन्ननलिकेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन घरांतील वडील माणूस परत आलें, जखम भरली, थोडथोडें अन्न जाऊं लागलें, कीं संकट टळलें असें घरच्या मंडळींस वाटतें. तें स्वाभाविकच आहे. तथापि पुढें कित्येक वर्षें एक हानि निमूटपणें चालूं राहण्याचा संभव असतो. ती म्हणजे हाडांची झीज.

आयुर्वेदानें सप्तधातूंत अस्थीस पांचवें स्थान दिलें आहे. रसापासून क्रमाक्रमानें पोषण अस्थीपर्यंत पोंचतें, अशी ती कल्पना. येथें मूळ रसाचाच ओघ आटतो. आयव्हर लुईस या शस्त्रवैद्यानें १९४६ सालीं प्रसिद्ध केलेली पद्धत कांहीं फरकानें आजहि रूढ आहे. तींत अन्ननलिकेचा रोगट भाग काढून जठर वर छातींत ओढून जोडतात. जठराकडे जाणारे मज्जातंतु तुटतात, आम्ल कमी होतें, आणि जळजळीवरील औषधांनीं तें आणखी घटतें. आहार उणावतो, वजन उतरतें. रक्तांतील कॅल्शियम कमी पडून चालत नाहीं. म्हणून शरीर तें हाडांतून काढून घेतें. मिळकत थांबली कीं ठेवीला हात लागतो, तसाच हा प्रकार.

ही झीज दुखत नाहीं व दिसतहि नाहीं. न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडतें, तेव्हां ती कळते. आणि कर्करोगांतून सुटलेलें माणूस अंथरुणास खिळतें.

म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केव्हां करावी, हें डॉक्टरांस आपण होऊन विचारावें. तींतील टी-अंक उणे २.५ किंवा त्याहून खालीं असल्यास हाडें ठिसूळ झालीं असें मानतात. रक्तांतील ‘ड’ जीवनसत्त्वहि तपासून घ्यावें. आपल्या शाकाहारांत तें फारच थोडें असतें. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनानें देऊं नयेत. कार्बोनेटच्या गोळीस जठरांतील आम्ल लागतें. तें कमी असल्यास सायट्रेट अधिक उपयोगी पडतें. कोणती व किती, हें वैद्यानेंच ठरवावें.

प्रौढ माणसास दिवसाकांठीं सुमारें १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. नाचणी, तीळ, दूध, दहीं हीं त्याचीं घरगुती साधनें. परंतु प्रेमानें वाटीभर शिरा किंवा साखर घातलेलें दूध पुढें करूं नये. गोड पदार्थ अशा पोटांतून एकदम आंतड्यांत उतरतो आणि घाम, धडधड, भोंवळ येते. भोंवळ म्हणजे पडण्यास निमंत्रणच. त्यापेक्षां ताकांतील नाचणीची आंबील थोडी थोडी, दिवसांतून अनेक वेळां द्यावी. रोज उन्हांत फिरणें असावें, तंबाखू वर्ज्य करावी, न्हाणीघरांत दिवा व धरावयास दांडी असावी.

शेवटीं एक गोष्ट. पाठींत किंवा बरगडींत नवें दुखणें उपजलें, विशेषतः रात्रीं झोंप मोडूं लागली, तर ‘वय झालें’ म्हणून तेल चोळीत बसूं नये. तें झिजलेल्या हाडाचें असेल, क्वचित् मूळ रोगाचेंहि असेल. निवाडा डॉक्टरांकडून त्वरित करून घ्यावा.