आधी गुडघा पाहा

2003 साली अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयापुढे ‘एक्स-मेन’च्या प्लॅस्टिकच्या वीरांचा खटला निकाली निघाला. भांडण जकातीचे होते. बाहुली ठरली तर 12 टक्के, इतर खेळणे ठरले तर 6.8 टक्के. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती, आणि आमची पात्रे माणसे नव्हेतच, असा टॉय बिझ कंपनीचा दावा होता. न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी फिगर तपासल्या, पंजे आणि पंख पाहिले आणि कंपनीच्या बाजूने कौल दिला. कॉमिक्सचे वाचक खवळले. आम्हालाही माणूस म्हणा, यासाठी ज्यांची सगळी कथा झगडते, त्या म्युटंटांना कंपनीनेच कोर्टात माणसातून उठवले होते!

तरी न्यायाधीशांचे एक मानायला हवे. त्यांनी वस्तू तपासून मत दिले. आजची बरीच परीक्षणे खोक्याचा फोटो आणि चेहऱ्याचे साम्य यांपलीकडे जात नाहीत. फिगर घडवणारे आणि पारखणारे, दोघांनीही नजर चेहऱ्यावरून खाली आणून गुडघ्यावर ठेवावी, अशी या मासिकाची सूचना आहे.

कारण ‘ॲक्शन फिगर’ हे नावच मुळी सांध्यामुळे टिकले. 1964 मध्ये हॅस्ब्रोने बारा इंची जी. आय. जो आणला, तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने हा शब्द काढला गेला. पण सांधा आला की कोरीवकाम चिरले जाते, आणि साचा बनवणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच असते. मेगोने 1972 पासूनच्या आठ इंची सुपरहिरोंमध्ये ही चीर कापडी पोशाखाखाली झाकली. धड तेच, डोके आणि कपडे बदलले की नवा वीर तयार. केनरच्या 1984 मधल्या ‘सुपर पॉवर्स’ने निराळीच शक्कल लढवली. सुपरमॅनचे पाय दाबले की तो ठोसा मारी, फ्लॅशचे हात दाबले की त्याचे पाय धावत. सांधे मोजकेच, पण प्रत्येक हालचाल त्या पात्राची. पुढे टॉड मॅकफार्लेनच्या ‘स्पॉन’ मालिकेने बारीक कोरीवकामाची चढाओढ सुरू केली. त्यातल्या पुष्कळ फिगर फक्त उभ्या राहण्यापुरत्या होत्या. 2002 मध्ये टॉय बिझच्या सहा इंची ‘मार्व्हल लेजेंड्स’ने त्याच्या उलट टोक गाठले आणि अंगभर सांधे दिले.

म्हणून निव्वळ सांधे मोजून गुण देणे फसवे आहे. स्पायडरमॅनला उकिडवे बसता आलेच पाहिजे. हल्कला नाही आले तरी चालेल. दुहेरी गुडघा पूर्ण दुमडला की मधला तुकडा चौकोनी ठोकळ्यासारखा बाहेर येतो का? पिनेचे टोक वेगळ्या रंगाचे दिसते का? लाल पाय लाल प्लॅस्टिकमध्ये ओतला आहे की दुसऱ्या रंगावर लाल चढवला आहे? चढवलेला रंग सांध्यात घासतो आणि आठवडाभरात खालचा रंग डोकावू लागतो. जाळीच्या रेषा कोपरावर तुटल्या, तर हात कोणत्या कोनात असताना जुळतात, हेही परीक्षणात यावे. हॅस्ब्रोने अलीकडे गुडघा-कोपरातली पीन दिसेनाशी केली, ही मोठी सुधारणा. मात्र तेवढ्यावर सगळी फिगर उत्तम ठरवणे घाईचे होईल.

डोळ्यांबद्दल फार सांगायला नको. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला जे महत्त्व, तेच इथे. छपाई केसभर सरकली की वीर तिरळा होतो.

बॅटमॅनची केप मात्र दुर्लक्षित राहते. जाड प्लॅस्टिकची केप फिगरला मागे खेचते, आणि घोटा सैल असेल तर सगळा रुबाब पाठीवर आडवा पडतो.

टिकाऊपणा पहिल्या दिवशी दिसत नाही. मऊ पीव्हीसीमधला मऊपणा आणणारा द्रव काही वर्षांनी पृष्ठभागावर झिरपतो आणि फिगर चिकट होते. पातळ तलवारी नि बारीक घोटे उन्हाळ्यात वाकतात. 1982 पासूनच्या पावणेचार इंची जी. आय. जो फिगरांत कंबर आणि पाय एका रबरी रिंगेवर तोललेले होते. रबर वाळून तुटते, दोन तुकडे हातात येतात. पण पाठीवर एक स्क्रू होता. तो काढा, नवी रिंग घाला, वीर पुन्हा उभा. दुरुस्त होऊ शकणारी रचना हा गुण परीक्षणाच्या तक्त्यात कुठेच नसतो, याचे नवल वाटते.

किमतीचेही तसेच. ‘या किमतीला उत्तम’ हे अमेरिकी परीक्षकाचे वाक्य इथे जसेच्या तसे उचलता येत नाही. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाले, 2023 मध्ये 70. तिथली मध्यम दर्जाची फिगर इथे चैनीची वस्तू होऊन बसते, तेव्हा तिच्याकडून अपेक्षाही वाढवायला हव्यात.

पुढच्या अंकापासून परीक्षण-विभागात प्रत्येक फिगरची उंची सेंटिमीटरमध्ये असेल, आधाराविना ती किती तास उभी राहिली ते असेल आणि वाकवलेल्या गुडघ्याचा जवळून काढलेला फोटो असेल. चेहऱ्याचा फोटो शेवटी. नागपूरच्या एका संग्राहकाने सुचवल्याप्रमाणे, वर्षाची सर्वोत्कृष्ट फिगर निवडताना उमेदवार फिगरने एक आख्खा मे महिना कपाटावर काढलेला असावा, ही अटही घातली आहे.