चषकाचा देठ आणि अनुवादित शिष्टाचार

वाईन बारमध्ये कसे वागावे, याचे पाठ देणारे लेख मराठी पुरवण्यांतून अधूनमधून येतात आणि ते सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. चषक देठाशी धरा, हलकेच फिरवा, हुंगा, बर्फ मागू नका, रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्या. या सूचना निराधार आहेत असे आम्ही म्हणत नाही. तळहाताच्या उबेने वाईन तापते म्हणून देठ धरायचा, एवढे साधे कारण आहे. पण कारण सांगितले तर वाचक स्वतः विचार करू लागेल. त्याऐवजी त्याला धाक घातला जातो: असे केले नाहीत तर तुम्ही गावंढळ ठराल.

खोलीच्या तापमानाचेच पाहा. ही खोली कोणाची? मूळ सल्ला युरोपातल्या थंड घरांचा, म्हणजे साधारण १६ ते १८ अंशांचा. मे महिन्यात नाहूरच्या खोलीत पारा तिशीच्या पुढे असतो. त्या तापमानाला रेड वाईनमधले अल्कोहोल नाकाला झोंबते आणि फळाचा स्वाद हरवतो. तेव्हा बाटली पंधरा-वीस मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगणे हा अडाणीपणा नव्हे, जाणतेपणा आहे. अनुवादकाने वाक्य आणले, हवामान मात्र तिकडेच ठेवले.

तोच प्रकार पहिल्या घोटाचा. वेटर चषकात थोडी वाईन ओतून थांबतो तो तुमची आवड विचारायला नव्हे. बाटली बिघडलेली नाही ना, एवढेच पाहायचे असते. बुचाच्या दोषाने वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांना आता फिरकीचे झाकण असते, तरी बूच हुंगण्याचा विधी शिकवला जातोच. खरा उपयोगी प्रश्न वेगळा आहे. पेल्यावर वाईन मागवणार असाल तर 'बाटली कधी उघडली?' असे निःसंकोच विचारावे. उघडलेली वाईन थोड्याच दिवसांत उतरते. हा प्रश्न कोणत्याही पाठात नसतो, कारण त्यात गिऱ्हाईक मालकाला जाब विचारते.

आणि ही वाईन परकी तरी किती? नारायणगावात १९८०च्या दशकात फेसाळ वाईन तयार होऊ लागली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेसाठी स्वतंत्र धोरण आणले. निफाड-दिंडोरीची द्राक्षे मराठी शेतकरी पिकवतो, पण त्याच द्राक्षांची वाईन मिळणाऱ्या दालनात त्याचा मुलगा शिरला तर 'शेनिन ब्लाँ'चा उच्चार चुकेल या भयाने तो बिअर मागवतो. द्राक्षासव चमच्याने घेणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत. आंबवलेल्या द्राक्षाची ओळख करून देण्यासाठी फ्रेंच उच्चारांची शिकवणी कशाला? (आमच्या उपनगरात 'वाईन शॉप' म्हणजे जिथे प्रामुख्याने व्हिस्की आणि रम खपते ते दुकान, ही गंमत वेगळीच.)

मात्र उलट टोकही आम्हाला मान्य नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद ऐकू आला. साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असलेले पेय दारू नव्हे, तर मग बिअर काय पन्हे आहे? १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, पिणाऱ्याला परवाना लागतो, वाईनसाठी वय २१ पूर्ण असावे लागते. शिष्टाचाराच्या यादीत हे आधी यायला हवे. ते शेवटीही येत नाही.

नाहूरचे स्थानक २००६ मध्ये झाले. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून गेले आणि त्या जागी मनोरे उभे राहिले. कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा आता याच परिसरात कुटुंबासह चषकासमोर बसतो, यात आम्हाला आनंदच आहे. पण तो वेटरला 'ए' म्हणून हाक मारत असेल तर त्याने देठ कितीही नाजूकपणे धरला तरी व्यर्थ. शेजारच्या टेबलावर एकटी बाई वाईन पीत बसली असेल तर तिच्याकडे टक लावून पाहणे, हाही असभ्यपणाच. पुरवण्यांना काटा-सुरीचा क्रम ठाऊक असतो, हे ठाऊक नसते.

आग्रहाबद्दलही त्या गप्प असतात. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. तळीराम सुधाकराला पहिला प्याला कसा देतो, हे मराठी माणसाला सांगावे लागू नये. तरीही कार्यालयातल्या मेजवानीत 'घ्या हो, वाईनच तर आहे' असे म्हणत न पिणाऱ्याच्या हाती चषक दिला जातो. तो नको म्हणाला की त्याच्यासाठी लिंबूसरबत मागवावे आणि पुन्हा विचारू नये. कारण विचारण्याचा अधिकारही आपल्याला नाही. औषध चालू असेल, घरी गाडी न्यायची असेल, किंवा नुसतेच नको असेल.