क्रेडिट कार्डाचे देणे आणि वडिलार्जित जमीन

या मासिकाचे वाचक बहुतेक खातेदार शेतकरी आहेत. त्यांच्यापुढे क्रेडिट कार्डाच्या कर्जाचा विषय मांडण्याचे प्रयोजन काय, अशी शंका प्रथमदर्शनी येणे साहजिक आहे. कार्ड हे शहरातील नोकरदाराच्या खिशातले. त्याचा नांगराशी संबंध तो कोणता? परंतु तो नोकरदार पुष्कळ वेळा आपलाच मुलगा असतो. पुण्यास, नाशकास किंवा मुंबईस त्याचे हप्ते थकले म्हणजे वसुलीचा माणूस अखेर गावच्या घराचे दार ठोठावतो, आणि घरात डोळ्यांस दिसणारी मालमत्ता एकच असते, ती म्हणजे जमीन. अशी प्रकरणे आम्ही गेल्या काही वर्षांत जवळून पाहिली. प्रत्येक प्रकरणात जमीन विकण्याचा विचार सर्वांत आधी झाला, आणि मदत मागण्याचा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला पाहिजे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. त्यांचा मुलगा चाकणच्या बाजूस एका कारखान्यात नोकरीस होता. जादा कामाचे पैसे बंद झाले, घरभाडे व आजारपण निभावण्यास कार्ड वापरले, एकाचे देणे भागविण्यास दुसरे घेतले, मग तिसरे. तिन्ही मिळून देणे ३ लाख ४० हजारांवर गेले. तेव्हा त्याला फोनवरून एक मध्यस्थ भेटला. "तुमचे कर्ज निम्म्यावर मिटवून देतो, तुम्ही बँकेस पैसे देऊ नका व तिचा फोनही घेऊ नका," असे सांगून त्याने ३६ हजार रुपये आगाऊ घेतले. सहा महिन्यांनी मध्यस्थाचा फोन बंद झाला आणि देणे ४ लाख ४० हजारांच्या वर गेले. मग वसुलीवाले गावी आले व "सातबाऱ्यावर बोजा चढवू" असे वडिलांस धमकावून गेले. वडिलांनी धसका घेतला. शेजारच्या गावच्या एका इसमास रस्त्यालगतची ३० गुंठे जमीन साडेचार लाखांस खरेदीखताने लिहून द्यावयाची, आणि पैसे परत केल्यावर त्याने ती तोंडच्या बोलीवर परत करावयाची, असे ठरले. बाजारभावाने त्या जमिनीची किंमत याच्या दुपटीहून अधिक होती. आमच्याकडे ते आले ते कर्जाविषयी विचारण्यास नव्हे. खरेदीची नोंद किती दिवसांत होते, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

तहसील कचेरीच्या दप्तरात आमचे आयुष्य गेले. सबब त्यांना जे सांगितले तेच येथे सांगतो. क्रेडिट कार्डाचे कर्ज बिनतारणी असते. त्यासाठी जमीन गहाण दिलेली नसते, म्हणून सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या सदरात त्याची नोंद नसते. वसुलीवाल्याच्या सांगण्यावरून तलाठ्यास बोजा चढविता येत नाही. फेरफारास कायदेशीर दस्तऐवज किंवा हुकूम लागतो. बँकेस सक्तीने वसुली करावयाची तर दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा मिळवावा लागतो. सज्ञान मुलाने स्वतःच्या सहीने घेतलेल्या कार्डाचे देणे, जामीन किंवा सहकर्जदार म्हणून सही केल्यावाचून, बापाचे होत नाही. वडिलार्जित जमिनीतील मुलाच्या हिश्शापर्यंत मात्र हुकूमनाम्याचा हात पोहोचू शकतो. तथापि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेस आवश्यक ती गुरे व बी-बियाणे आणि त्याचे राहते घर यांस जप्तीपासून संरक्षण दिले आहे. यावरून देणे खोटे ठरत नाही. परंतु भीतीपोटी आज रात्रीच जमीन लिहून देण्याचे काही कारण नाही, हे उघड आहे.

आता या कर्जाचा हिशेब पाहू. अनेक कार्डांवर थकबाकीस दरमहा शेकडा साडेतीनच्या सुमारास व्याज लागते, म्हणजे वर्षाचे शेकडा ४२. शिवाय त्या व्याजावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर. समजा, देणे १ लाख आहे. महिन्याचे व्याज ३,५०० व कर ६३०, मिळून ४,१३० रुपये झाले. 'किमान देय रक्कम' म्हणून मुलाने ५,००० रुपये भरले, तर मुद्दलातून फिटले अवघे ८७०. नवीन एक पैचाही खर्च न करता दरमहा ५,००० भरीत राहिल्यास १ लाखाचे देणे फिटावयास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि भरणा सुमारे २ लाख १६ हजार होतो. मुलगा वडिलांस म्हणतो, "मी दरमहा पैसे भरतो आहे." तो खोटे बोलत नाही, पण तो व्याज भरतो आहे, कर्ज नव्हे. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने या व्याजास वार्षिक शेकडा ३० ची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा दराच्या बाबतीत कोणी आपणांस वाचवील, या आशेवर राहू नये.

कर्जाच्या तडजोडीसाठी तिसऱ्याकडे जाणे अनेकांस कमीपणाचे वाटते. या लाजेस आधार नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, आणि पुढे गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने न्यायालयास रोख्याच्या पाठीमागे जाऊन देण्याघेण्याचा मुळापासून हिशेब पाहण्याचा अधिकार दिला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैद करणे बंद केले. सावकार व कूळ यांत सलोखा घडविण्यासाठी पंच नेमण्याची तजवीजही त्यात होती. पुढे १९३९ च्या मुंबई इलाख्याच्या कर्जनिवारण कायद्याने मंडळे नेमून शेतकऱ्याच्या फेडीच्या ताकदीप्रमाणे कर्ज कमी करण्याची व हप्ते बांधण्याची व्यवस्था केली. आपल्या आजोबा-पणजोबांनी या सोयींचा लाभ घेतला, म्हणूनच पुष्कळांच्या जमिनी आज आपल्या नावे आहेत. त्या सर्व खटपटीचे सार दोन गोष्टींत होते: हिशेब उघडा करावा, आणि वादी-प्रतिवादींच्या मध्ये जबाबदार तिसरा माणूस बसावा. ते कायदे आज चालू नाहीत. दोन्ही गोष्टी मात्र आजही साध्य आहेत.

प्रथम हिशेब. एका कागदावर प्रत्येक कार्डाचे मुद्दल, व्याज, दंड व शेवटचा भरणा लिहावा. दुसऱ्यावर घरची मिळकत, मुलाचा पगार व अटळ खर्च मांडावा. कार्डे त्याच दिवशी वापरातून काढून टाकावीत. गळकी मोट ओढून तळे भरत नाही. मग मुलाने स्वतः बँकेस लेखी अर्ज करून आपली अडचण कळवावी, आणि पुढील दोहोंपैकी एक मागावे. मिळकत चालू असेल तर थकबाकीचे कमी व्याजाचे मासिक हप्ते बांधून घ्यावेत. मिळकत खरोखर खुंटली असेल तर एकरकमी तडजोड मागावी. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडीसंबंधी चौकट ठरवून दिली, आणि प्रत्येक बँकेस आपल्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण ठेवण्यास सांगितले. सबब तडजोड म्हणजे कोणा अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे, ते रीतसर काम आहे.

तडजोड ठरली तरी बँकेच्या पत्रावाचून एक रुपयाही देऊ नये. पत्रात कार्डाचा क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याच्या तारखा आणि 'ही रक्कम भरल्यावर काही येणे राहणार नाही' हे शब्द असावेत. पैसे बँकेच्या खात्यातच भरावेत, वसुलीवाल्याच्या हाती नव्हे. पुढील तारखेचे धनादेश देऊ नयेत. थकलेले कार्ड हा दिवाणी मामला आहे. न वटलेला धनादेश मात्र फौजदारी खटला आणतो. शेवटचा भरणा होताच येणे-बाकी नसल्याचा दाखला घेऊन तो जमिनीच्या कागदांबरोबर जपून ठेवावा.

बँकेशी थेट जमत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालील लोकअदालत आहे. दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरणही तेथे ठेवता येते. फी लागत नाही. उभयतांची संमती झाली तरच निवाडा होतो, आणि त्यावर अपील नसते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असणारे यांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. न्यायालयाची किंवा लवादाची नोटीस आली तर ती कधीही परत धाडू नये. गैरहजेरीत झालेला निवाडा हाच खरा धोका होय. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास आणि धाकदपटशा दाखविण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मनाई केली आहे. तसे घडल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथेही खर्च नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सूट घेऊन मिटविलेले खाते पतनोंदीत 'तडजोडीने मिटविले' असे दिसते, पूर्ण फेडीने बंद झालेल्या खात्यासारखे नव्हे. पुढे घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागताना ही नोंद आडवी येते. त्या बँकेकडून शेतीखेरीज अन्य कामास नवे कर्ज निदान बारा महिने मिळत नाही. म्हणून ज्यास पुरते फेडणे शक्य आहे त्याने पुरतेच फेडावे.

कोणी म्हणेल की, असे लिहून तुम्ही कर्ज बुडविण्यास उत्तेजन देता. आमचा तसा हेतू नाही. घेतलेले देणे फेडले पाहिजे, हीच शेतकऱ्याची रीत. परंतु बिनतारणी कर्जाच्या पायी जमीन गुंतविणे म्हणजे फेड नव्हे, ते आगीतून फुफाट्यात पडणे होय. किसान कार्डावर मुदतीत फेडणाऱ्यास शेकडा ४ ने मिळणारे पीककर्ज मुलाच्या कार्डात ओतणे हीही तशीच चूक. त्याने कार्ड थोडे हलते, पण बियाण्याचे पैसे जातात आणि आपले खातेही थकते. परत देण्याच्या बोलीचे खरेदीखत तर सर्वांत घातक. २०१४ च्या सावकारी कायद्याने अशा व्यवहारांची चौकशी करून जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकास दिला आहे खरा. पण आधी सही करून मग वर्षानुवर्षे खेटे घालण्यापेक्षा सहीच न करणे शहाणपणाचे.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. मुलास गावी बोलावून त्याच्या आईच्या देखत सर्व हिशेब मांडला. ते दोन तास कठीण गेले. परंतु त्या रात्री मुलगा कित्येक महिन्यांनी स्वस्थ झोपला, असे त्याची आई आम्हांस म्हणाली. तिन्ही बँकांस अर्ज गेले. दोन ठिकाणी थेट तडजोड झाली, तिसरी लोकअदालतीत. एकंदर २ लाख ७५ हजारांवर मिटले. मोटारसायकल विकली, आईच्या पाटल्या बँकेत तारण ठेवल्या, उरलेले कांद्याच्या पट्टीतून भरले. मध्यस्थाकडे गेलेले ३६ हजार गेले ते गेलेच.

आमच्या मते प्रत्येक गावच्या सोसायटीने महिन्यातून एक दिवस असा ठेवावा की, ज्यास आपले देणे उघड करावयाचे आहे त्याने येऊन दोन जाणत्या माणसांसमोर हिशेब मांडावा, आणि त्याची वाच्यता बाहेर होऊ नये. याला खर्च नाही. लागतो तो विश्वास. आणि ज्यांची मुले शहरात आहेत त्यांनी येत्या सणास मुलगा घरी आला म्हणजे, पगार किती हे विचारण्यापूर्वी, देणे किती हे मायेने विचारावे. ती ३० गुंठे जमीन आजही त्या गृहस्थांच्याच नावे आहे, व यंदा तीत कांदा उभा आहे.