पुढच्या ब्रेकशी अबोला
किक-स्टार्ट : साप्ताहिक सदर

डहाणू-तलासरीकडच्या जुन्या मोटारसायकलींचे पुढचे डिस्क ब्रेक झिजून जातात त्याहून जास्त न वापरल्यामुळे जातात, असं माझं ठाम मत आहे. गाडी शिकणाऱ्या पोराला घरातलं मोठं माणूस पहिल्याच दिवशी बजावतं, "पुढचा दाबू नको, तोंडावर पडशील." २००१ नंतर पल्सरसारख्या गाड्यांबरोबर पुढच्या चाकाची डिस्क साध्या घरांपर्यंत आली. सल्ला मात्र ड्रम ब्रेकच्या काळातलाच राहिला. त्यातल्या कित्येक गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाला घेऊन उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला पळतात. काहींच्या पाटीवर अजून ठाणे जिल्ह्याच्या काळातला एमएच-०४ आहे. पाय मागच्या ब्रेकवर कायम, पुढचा लिव्हर शोभेला.

भीती अगदीच खोटी नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. जुन्या गाडीला ते नाही, आणि ओल्या रेतीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला तर चाक जाम होणारच. पण ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे येतो आणि मागचं चाक हलकं पडतं. चारोटीजवळ पुढचा ट्रक अचानक थांबला तर एकटा मागचा ड्रम कितीसा पुरणार?

बरं, तेव्हा पुढचा दाबला तरी तो लागेल का? बहुतेक जुन्या गाड्यांत पिस्टन डिस्कच्या एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूचा पॅड डिस्कला भिडावा म्हणून अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. बोर्डी-चिंचणीचा खारा वारा, चार महिने पाऊस, लावणीच्या दिवसांतला चिखल, एवढ्यात पिनांवरची रबरी टोपणं फाटतात, ग्रीस धुपतं आणि पिना गंजून अडकतात. मग एक पॅड संपतो, दुसरा तसाच राहतो. गॅरेजवाला नवी जोडी बसवून देतो, पिनांना हात लावत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे.

हे काम घरी होतं. कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, पॅड बाहेर घ्या, पिना ओढून पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने घालवा. ग्रीस ब्रेकसाठीचं, सिलिकॉनचंच लावा. बेअरिंगच्या साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड बाहेर असताना लिव्हर दाबू नका, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. तो मागे ढकलण्याआधी त्याची कडा नीट पुसा. लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे घ्यायला आत स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीचं चौकोनी काटाचं रबरी सील दाबाने किंचित पिळतं आणि दाब जाताच पुन्हा सरळ होताना पिस्टनला केसभर मागे खेचतं. बस्स, एवढंच! कडेवरचा गंज आत गेला की सील खरवडतं. सील म्हातारं, कडक झालं की पिस्टन मागे येत नाही, आणि स्टँडवर चाक फिरवल्यावर ते घासत थांबतं. सील बदलणं, मास्टर सिलिंडर उघडणं मात्र मेकॅनिकवर सोडा.

ब्रेक ऑईल किलोमीटर मोजून बदलायचं नसतं. गाडी उभी असली तरी ते हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. जव्हारचा घाट उतरताना मागे दोघं बसलेली असली, की तापलेल्या ऑईलची वाफ होते आणि लिव्हर पोकळ लागतो. दोन वर्षांनी बदला, असं सर्वसाधारणपणे सांगतात. मी किनाऱ्यावरच्या माणसाला दरवर्षी सांगेन, तेही भातकापणीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या टाकीच्या टोपणावर लिहिलेल्याच नंबरची, सीलबंद छोटी बाटली घ्या. गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी नको. कॅलिपरवरच्या निपलला पारदर्शक नळी लावा. एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा आवळायचा, मगच लिव्हर सोडायचा. टाकीतलं ऑईल संपू द्यायचं नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

पावसाळ्याआधी गंज नको म्हणून वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल किंवा जळकं ऑईल फवारून घेतात, त्याचा मला मनस्वी राग आहे. फवारा डिस्कवर गेला की पॅड ते पितात. असे पॅड घासून, जाळून सुधारत नाहीत, फेकून द्या.

सगळं बसवल्यावर लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, मगच गाडी अंगणाबाहेर काढा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला लिव्हर थेट मुठीला टेकतो. हे हायवेवर चढल्यावर कळून उपयोग नाही.