गुडघा खेळाडूचा, निर्णय कोणाचा?

गतवर्षी १९ वर्षांचा एक कबड्डीपटू माझ्या चिकित्सालयात आला. चढाईत पकड झाली तेव्हाच गुडघ्यातून आवाज आला होता. प्रशिक्षकांनी क्रेप बँडेज गुंडाळून त्याला उत्तरार्धात पुन्हा उतरविले. पुढे आणखी दोन सामने खेळविले. माझ्याकडे आला तेव्हा जिना उतरताना गुडघा सटकत होता. एमआरआयमध्ये पुढचे क्रूसिएट लिगामेंट पूर्ण तुटलेले दिसले. शस्त्रक्रियेचा खर्च वडिलांच्या माथी. चषक मंडळाच्या कपाटात.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून गावोगावच्या मुलांना लिलावाची स्वप्ने पडतात. असा मुलगा 'दुखते आहे' असे आपण होऊन सांगणार नाही. म्हणूनच त्याची संमती हा प्रशिक्षकाचा बचाव ठरू शकत नाही. वाग्भटांनी बलवानालाही अर्धशक्ती व्यायामाची मर्यादा घातली आहे. सामन्यात ती पाळता येत नाही, हे मान्य. परंतु सरावाचा भार आणि दुखापतीनंतरची विश्रांती तर प्रशिक्षकाच्याच हाती असते. स्पर्धा भरविणाऱ्यांनी मैदानावर डॉक्टर ठेवावा, त्याचा नकार अंतिम मानावा आणि बक्षिसाच्या रकमेआधी विम्याची तरतूद करावी.

आपण वैद्यही यातून सुटत नाही. 'रविवारपर्यंत उभा करा,' असा प्रशिक्षकाचा दूरध्वनी येतो आणि आपण लेप व गुग्गुळ देऊन मोकळे होतो. औषधविक्रेते तर खेळाडूला न पाहताच तेलाची बाटली देतात. सुश्रुतांनी भग्नचिकित्सेत पहिल्या वयातही सांधा स्थिर होण्यास एक महिना सांगितला आहे.

त्या मुलाच्या प्रशिक्षकांना मी हे सारे पत्राने कळविले. उत्तर आलेले नाही.