माया आणि मजुरी

जावळी तालुक्याची अर्थव्यवस्था अनेक दशके मनीऑर्डरीवर चालली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. मेढ्याच्या परिसरातील डोंगरउतारावरची भात-नाचणीची तुटपुंजी शेती वर्षभर पोट भरीत नव्हती. कोयनेच्या जलाशयाने पुढे या तालुक्यातील गावेही उठवली. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला तो आधी गिरण्यांत आणि नंतर बाजारपेठांत ओझी उचलण्यासाठी. १९६९ चा माथाडी कायदा ज्या श्रमिकांच्या संघटित बळावर झाला, त्यांत सातारा जिल्ह्यातील या डोंगरी भागाचा वाटा मोठा आहे. या स्थलांतराचा हिशेब रुपयांत मांडला गेला. गावात राहिलेल्या तान्ह्या मुलाला बाप फक्त जत्रेपुरता भेटला आणि दिवसभर रोपणी-भांगलणीत राबणारी आई रात्री थकून परतली, याची नोंद मात्र कोणत्याच खतावणीत झाली नाही.

ही नोंद आता मेंदूविज्ञान करीत आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मुलाच्या मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचतो आणि पेशींतील जोडण्या विलक्षण वेगाने होतात. मूल घाबरून रडते, त्याच्या शरीरात ताणाची द्रव्ये वाढतात. कोणी उचलून उराशी धरले की ती ओसरतात. हे शेकडो वेळा घडले म्हणजे संकट येते तसे जातेही, हा धडा बोलता येण्यापूर्वीच शरीरात मुरतो. उलट, रडण्याला प्रतिसादच मिळाला नाही, तर धोक्याची घंटा सतत वाजत राहते आणि स्मरण व संयम यांच्याशी संबंधित मेंदूच्या भागांवर तिचा परिणाम होतो. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात मायकेल मीनी यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, ज्या उंदरांच्या पिलांना आईने अधिक चाटले-कुरवाळले, ती मोठेपणी ताणाला अधिक शांतपणे तोंड देतात. रुमानियातील अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २००० नंतर सुरू झाला; त्यांतील निम्म्या मुलांना पालक-कुटुंबे मिळवून देण्यात आली. घरी गेलेली मुले सावरली, आणि जी दोन वर्षांची होण्याआधी गेली ती सर्वांत अधिक सावरली.

या संशोधनातून एक सोयीस्कर निष्कर्ष काढला जाण्याचा धोका आहे. तो असा की, आईने कामधंदा सोडून घरी बसावे. श्रमिक चळवळीने हा निष्कर्ष ठामपणे नाकारला पाहिजे. एक तर मजूर स्त्रीला घरी बसण्याची चैन परवडत नाही. दुसरे म्हणजे, विज्ञान असे सांगतच नाही. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य व गृहकलह यांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले समर्थ माणसे झाली. त्यांच्या बाबतीत वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे निदान एका वडीलधाऱ्या माणसाची स्थिर माया. ते माणूस आईच असले पाहिजे असे नव्हते. आजी, आजोबा, थोरले भावंड यांपैकी कोणीही असे. जावळीतील ज्या असंख्य मुलांना आजीने वाढवले, त्यांच्या चिवटपणाचे रहस्य येथे सापडते.

तेव्हा प्रश्न मायेच्या अभावाचा नसून वेळेच्या वाटपाचा आहे. मायेला वेळ लागतो, आणि वेळेचे वाटप मजुरी, रजा व स्थलांतर ठरवतात. म्हणून हा प्रश्न खाजगी राहत नाही, तो राजकीय ठरतो. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा दिली आणि ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केले. शेतमजूर स्त्रीला यांतले काहीच नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला होता. २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये ठरवले. हीच रक्कम २६ आठवड्यांवर पसरली तर दिवसाला २८ रुपयेही पडत नाहीत! एवढ्या पैशांत कोणती माता रोजगार बुडवून मुलाजवळ बसू शकेल?

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचे ऋण मान्य करूनही तिच्यातील उणीव सांगितली पाहिजे. अंगणवाडीत दिवसाचे काही तास बसते ते तीन वर्षांवरील मूल. त्याहून लहान मुलाच्या वाट्याला मुख्यतः घरी न्यायचा शिधा येतो. म्हणजे मेंदूची घडण सर्वांत वेगाने होते त्याच वयात मुलाला जागा नाही. वस्तुतः याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासींच्या मुलांसाठी जे कार्य उभारले, त्यातील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र होत्या. धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरलीला शिकता येई.

कायद्याच्या बळावर घर बदलता येते, हे जावळीच्या स्त्रियांनीही सिद्ध केले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ‘आडव्या बाटली’ला मते देऊन दारूची दुकाने बंद पाडली. हे आंदोलन दारूबंदीचे म्हणून ओळखले जाते. ज्या घरात रात्री आरडाओरडा थांबला, तेथील लहानग्याच्या दृष्टीने मात्र ते बालसंगोपनाचे आंदोलन होते.

आता मागण्या स्पष्ट असाव्यात: असंघटित स्त्रीला किमान वेतनाच्या प्रमाणात प्रसूतिसाहाय्य, रोजगार हमीच्या कामावर व अंगणवाडीत तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर, आणि जिच्या हातात ही मुले असतील त्या सेविकेला मानधन नव्हे तर वेतन. यासोबत कार्यकर्त्यांनी एक हिशेब स्वतःच्या घरीही मांडावा. बापाचे उराशी धरणे आईच्या धरण्याहून कमी मोलाचे नाही. सभा आटोपून मध्यरात्री परतणाऱ्याच्या घरी मूल झोपलेलेच असते, आणि ते वय परत येत नाही. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी लढणाऱ्यांनी उरलेले तास कोणासाठी मागितले होते, याचे स्मरण ठेवलेले बरे.